पवनेकाठचे बिऱ्हाड : चेन्नई सुपर किंग्जचा गहुंजेतील हंगाम

व्यावसायिक संघ एका शहरातून दुसऱ्या शहरात हलतो तेव्हा नव्या ठिकाणचा त्याचा पहिला हंगाम बारकाईने वाचावा असा असतो. जुन्या सवयी मोडलेल्या असतात आणि नव्या अजून लागलेल्या नसतात. संघ, शहर आणि प्रेक्षक यांच्यातील जे व्यवहार एरवी भावनेच्या आवरणाखाली झाकलेले असतात, ते त्या एका वर्षात उघडे पडतात. आपल्याकडे अशा स्थलांतराचे सर्वांत ठळक उदाहरण २०१८ सालचे आहे. कावेरीच्या पाण्यावरून पेटलेल्या आंदोलनामुळे चेन्नई सुपर किंग्जला आपले घरचे सहा सामने गहुंजेच्या मैदानावर खेळावे लागले. त्यांपैकी पाच संघाने जिंकले आणि पुढे मुंबईत विजेतेपदही मिळवले. 'पुणे पिवळे झाले' या एका वाक्यात त्या हंगामाची आठवण तेव्हापासून बांधून टाकली गेली आहे.

हे वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. त्यातले 'पुणे' नेमके कोणते, आणि सहा सामन्यांच्या या बिऱ्हाडाचा भार कोणी उचलला, हे दोन प्रश्न ते वाक्य विचारू देत नाही. त्यांची उत्तरे शोधू लागले की गोष्ट मैदानाबाहेर पडते आणि पिंपरी-चिंचवड, मावळ, चाकण या पट्ट्यात शिरते.

नावापुढचे पुणे

गहुंजे पुणे शहरात नाही आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीतही नाही. ते मावळ तालुक्यातले, पवना नदीकाठचे गाव आहे. देहूरोड आणि किवळे ओलांडल्यावर द्रुतगती मार्गालगत लागते. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे सामने पूर्वी स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर होत. ते मैदान पुणे महापालिकेचे. संघटनेला स्वतःच्या मालकीचे मैदान हवे होते, आणि तेवढी सलग जमीन जिथे मिळाली तिथे, म्हणजे शहराबाहेर मावळात, ते उभे राहिले. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे टेल्को आणि बजाज आल्या, आणि अलीकडच्या काळात फोक्सवॅगनसारखे कारखाने चाकणला गेले. त्या सर्वांनी जी वाट धरली तीच क्रिकेटनेही धरली. शहराचे नाव सोबत घ्यायचे आणि जागा शहराबाहेर घ्यायची, ही या पट्ट्याची जुनी रीत आहे.

ब्रिटिश वास्तुविशारद मायकेल हॉपकिन्स यांच्या संस्थेने आखलेल्या आणि सुमारे ३७ हजार प्रेक्षक बसतील अशा या मैदानाचे उद्घाटन १ एप्रिल २०१२ रोजी झाले. त्याच महिन्यात पुणे वॉरियर्सचा संघ तिथे राहायला आला. हाही स्थलांतरितच. २०११ चा पहिला हंगाम त्याने नव्या मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर काढला होता, म्हणजे नावातल्या गावाला पोहोचायला त्याला एक वर्ष लागले. सौरव गांगुलीच्या नेतृत्वाखाली गहुंजेतला पहिला सामना त्याने जिंकला, मात्र हंगाम संपला तेव्हा सोळांपैकी चार विजय आणि नऊ संघांत नववा क्रमांक एवढीच कमाई होती. मालक सहारा समूहाने २०१३ च्या मे महिन्यात स्पर्धेतून अंग काढून घेतले. मैदानाला दिलेले सुब्रतो रॉय सहारा हे नावही ठरलेल्या पैशांवरून वाद झाल्यावर उतरले.

यानंतर दोन वर्षांच्या मुदतीचा रायझिंग पुणे सुपरजायंट्स आला. चेन्नई आणि राजस्थान या संघांवर बंदी आल्याने रिकाम्या झालेल्या जागांपैकी एक भरण्यासाठी तो जन्मला आणि बंदी उठताच संपला. एक मालक लखनौचा, दुसरा कोलकात्याचा. दोन्ही संघांच्या नावात पुणे होते, पण पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण यांतला एकही शब्द कोणाच्या छातीवर आला नाही. २०११ च्या जनगणनेत सतरा लाखांवर लोकसंख्या नोंदवलेल्या महानगराने या दोन्ही संघांच्या सामन्यांसाठी रस्ते मोकळे ठेवले, वाहनांची कोंडी सोसली, आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर 'पुणे' ही अक्षरे वाचली.

पाण्याने हलवलेला कर्णधार

फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कावेरीच्या पाणीवाटपाचा निकाल दिला. तमिळनाडूचा वाटा घटून १७७.२५ टीएमसी झाला, आणि वाटपाची यंत्रणा उभारण्याची सहा आठवड्यांची मुदत केंद्र सरकारकडून पाळली गेली नाही. एप्रिलमध्ये तमिळनाडू रस्त्यावर उतरला. राज्याच्या पोटाचा प्रश्न उभा असताना चेपॉकवर करमणूक कशाला, असा आंदोलकांचा सवाल होता. १० एप्रिलला प्रचंड बंदोबस्तात कोलकात्याविरुद्धचा सामना झाला आणि सामना चालू असताना प्रेक्षकांतून मैदानाकडे बूट फेकले गेले. दुसऱ्याच दिवशी उरलेले सामने चेन्नईबाहेर नेण्याचे ठरले. विशाखापट्टणम, तिरुवनंतपुरम, राजकोट आणि पुणे ही नावे चर्चेत होती. त्यांतून पुणे निवडले गेले.

या निवडीतला विरोधाभास तेव्हाच्या वार्तांकनात फारसा उमटला नाही. संघाचा कर्णधार महेंद्रसिंग धोनी हा २०१६ मध्ये याच गहुंजेच्या मैदानावर पुण्याचा कर्णधार होता. त्या वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली, आणि त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. १ मेचा एक सामना अपवाद म्हणून पुण्यात झाला. बाकी घरच्या सामन्यांसाठी पुण्याचा संघ विशाखापट्टणमला गेला. म्हणजे दोन वर्षांच्या अंतराने एकच कर्णधार पाण्यामुळे एकदा पुण्यातून बाहेर पडला आणि एकदा पाण्यामुळेच पुण्यात आला. मधल्या काळात पवनेच्या पाण्याचा प्रश्न सुटला होता असे मात्र नव्हते.

मावळाला तर तो चांगलाच ठाऊक होता. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने थेट पाणी नेण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात तिघांचा जीव गेला आणि जलवाहिनीचे काम थांबले. त्यानंतर आठ महिन्यांच्या आत त्याच तालुक्यात, त्याच महामार्गालगत, हिरव्या गालिच्यासारखे मैदान प्रेक्षकांसाठी खुले झाले. हा योगायोग कोणी घडवून आणलेला नाही. पण समीक्षकाने तो पाहायचाच नाही असे ठरवले, तर त्या हिरवळीचा अर्थ त्याला कधीच कळणार नाही.

२०१८ मध्ये तो अर्थ न्यायालयाच्या कागदावर आला. लोकसत्ता मूव्हमेंट या संस्थेच्या जनहित याचिकेवर चेन्नईच्या पहिल्या सामन्याला दोन दिवस उरले असताना उच्च न्यायालयाने महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनला पवनेचे पाणी उचलण्यास मनाई केली. सुनावणीत एक गोष्ट पुढे आली : पाटबंधारे खात्याने संघटनेशी पाण्याचा जो करार केला होता, तो औद्योगिक वापराच्या सदरात होता.

या हंगामावर लिहिल्या गेलेल्या कोणत्याही स्तुतीपेक्षा ही एक नोंद मला महत्त्वाची वाटते. पाटबंधाऱ्याच्या कागदोपत्री क्रिकेटचे मैदान हा एक कारखाना होता. न्यायालयाला ते पटले नाही, आणि कायद्याच्या भाषेत ते योग्यच. परंतु संस्कृतीच्या भाषेत त्या कारकुनी शब्दाने नकळत खरे सांगून टाकले. बाहेरून भांडवल येते, बाहेरून कुशल माणसे येतात, स्थानिक जमीन आणि पाणी लागते, माल तयार होतो आणि दुसऱ्याच्या नावाने देशभर विकला जातो. चाकणच्या कोणत्याही व्हेंडरला हे वर्णन आपल्या धंद्याचे वाटेल. एका ठिकाणी उत्पादन अडले की तेच काम दुसरीकडच्या शेडमध्ये हलवायचे, ही पद्धतही त्याच्या ओळखीची आहे. चेन्नईचा संघ आठ-दहा दिवसांत ज्या सहजतेने हलला, ती सहजता घर बदलण्याची नव्हती. कामाची ऑर्डर बदलण्याची होती.

पिवळा रंग कोणाचा?

१९ एप्रिलला चेन्नईहून सुमारे हजार चाहत्यांना घेऊन एक खास रेल्वे निघाली. 'व्हिसल पोडू एक्सप्रेस' हे तिचे नाव देशभर गाजले. दुसऱ्या दिवशी शेन वॉटसनने राजस्थानविरुद्ध १०६ धावा केल्या आणि चेन्नईने ६४ धावांनी विजय मिळवला. मुंबईविरुद्धचा सामना हरल्यावर दिल्ली, बंगळूरु, हैदराबाद आणि पंजाब या चौघांना संघाने गहुंजेत नमवले. हैदराबादविरुद्ध अंबाती रायुडूचे नाबाद शतक झाले, तर पंजाबविरुद्ध लुंगी एनगिडीने दहा धावांत चार बळी घेतले.

खेळाच्या अंगाने पाहिले तर हे यश साधे नाही. संघाची बांधणी चेपॉकच्या संथ, फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्टीसाठी झाली होती. हरभजनसिंग, इम्रान ताहिर, रवींद्र जडेजा, कर्ण शर्मा ही नावेच ते सांगतात. गहुंजेत वेगवान गोलंदाजांना मदत मिळाली, आणि दीपक चहर, शार्दूल ठाकूर, एनगिडी पुढे आले. येथे एक दुवा लक्षात घ्यावा लागतो. धोनी, चहर, ठाकूर आणि ताहिर हे चौघेही आदल्या वर्षी पुण्याकडून खेळले होते. फाफ डू प्लेसीही त्याच संघातून आला होता. एका मोडलेल्या बिऱ्हाडातली माणसे दुसऱ्या बिऱ्हाडाबरोबर त्याच वाड्यात परतली होती. त्यांना जिन्याची पायरी अंधारातही सापडली, यात नवल नाही. मूळचा पुणेकर असलेला केदार जाधव मात्र मुंबईतल्या सलामीच्या सामन्यात जायबंदी होऊन हंगामालाच मुकला. संघ त्याच्या गावी आला तेव्हा तो खेळू शकत नव्हता.

आता प्रेक्षकांकडे वळू. रेल्वेने आलेल्या हजारांची छायाचित्रे सर्वत्र छापली गेली. परंतु मैदानापासून काही किलोमीटरवर असलेल्या देहूरोड छावणीच्या परिसरात तमिळ कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांच्या घरात तमिळ बोलली जाते, रस्त्यावर मराठी आणि हिंदी. या संघाला 'आपला' म्हणण्याचा आणि या गावालाही 'आपले' म्हणण्याचा दुहेरी हक्क ज्यांना होता, ते हेच लोक. त्या हंगामाच्या कौतुकात त्यांना मोठी जागा मिळायला हवी होती. रेल्वेचे कौतुक झाले, कारण ती लांबून आली होती. जवळच्यांना आपण प्रेक्षक म्हणून पाहायला शिकलेलो नाही.

हीच गोष्ट पट्ट्यातल्या इतरांची. पिंपरी-चिंचवडमध्ये मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण येथून आलेली माणसे आहेत, तशीच बिहार, उत्तर प्रदेश, केरळ, आंध्रातून आलेलीही. त्यांतल्या बहुतेकांनी कधी ना कधी दुसऱ्याच्या गावात बिऱ्हाड केले आहे. घर सुटलेल्या संघाला त्यांनी सहज स्वीकारले असेल, तर त्यामागे पुणेरी पाहुणचारापेक्षा हा अनुभव अधिक असावा, असे मला वाटते. पण हे प्रेम मैदानापर्यंत पोहोचणे किती अवघड आहे हेही पाहावे. रात्री आठच्या सामन्याला दुसऱ्या पाळीचा कामगार जाऊ शकत नाही. पहिल्या पाळीचा गेला तर मध्यरात्रीनंतर गहुंजेहून चाकणला किंवा तळवड्याला परतून पहाटे कंपनीची बस पकडणे त्याला परवडत नाही. कंत्राटी कामगाराची एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार. त्यामुळे या पट्ट्याचे खरे क्रिकेट रविवारच्या टेनिस चेंडूच्या सामन्यांत असते. तिथे चषकाला आमदाराचे किंवा नगरसेवकाचे नाव असते आणि मालिकावीराला बहुधा मोटारसायकल मिळते, कदाचित प्रेक्षकांतल्याच कोणाच्या हातून बांधणीच्या पट्ट्यावरून गेलेली.

मिलवॉकीचा आरसा

कारखान्यांच्या शहराला आयता संघ मिळाल्याचे अमेरिकेतले प्रसिद्ध उदाहरण मिलवॉकीचे आहे. १९५३ च्या मार्चमध्ये, हंगाम तोंडावर असताना, बोस्टनचा ब्रेव्हज हा बेसबॉल संघ बिअर आणि यंत्रसामग्रीच्या या शहरात हलला. आदल्या वर्षी बोस्टनमध्ये त्याच्या सामन्यांना एकूण दोन लाख ८१ हजार प्रेक्षक आले होते. मिलवॉकीतल्या पहिल्याच हंगामात ती संख्या १८ लाख २६ हजारांवर गेली. संघाने ९२ सामने जिंकले, दुसरा क्रमांक मिळवला आणि १९५७ मध्ये अजिंक्यपदही. तरी १९६५ च्या हंगामानंतर मालकांनी संघ अटलांटाला नेला. कामगारांच्या शहराने तेरा वर्षे जीव लावला, आणि शेवटी हिशेब दूरचित्रवाणीच्या मोठ्या बाजारपेठेचा झाला.

या आरशात पाहिले की गहुंजेचे वेगळेपण कळते. मिलवॉकीचे मैदान लोकांच्या करातून बांधलेले होते, संघाच्या नावात शहराचे नाव होते, म्हणून संघ गेल्यावर त्यांना फसवणूक झाल्याची तक्रार करता आली आणि त्यांनी ती न्यायालयापर्यंत नेली. २०१९ मध्ये चेन्नईचा संघ चेपॉकला परतला तेव्हा आपल्याकडे चकार शब्द उठला नाही. तो उठायचे कारणही नव्हते. पाहुणा ठरल्या दिवशी निघाला. २०२५ मध्ये ओकलंड सोडलेल्या ॲथलेटिक्स या बेसबॉल संघाने वेस्ट सॅक्रामेंटोच्या छोट्या मैदानावर हंगाम काढताना नावापुढे कोणतेच शहर लावले नाही. लास व्हेगासचे मैदान बांधून होईपर्यंत मधल्या गावाचे नाव घेण्याची त्यांना गरज वाटली नाही. मधल्या गावाची ही अवस्था पिंपरी-चिंचवडला परिचित आहे.

जाताना चेन्नईच्या संघाने मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्यांना रोख बक्षीस दिले आणि धोनीसोबतची छायाचित्रे भेट दिली. ही कृतज्ञता खरी होती. ज्यांनी खेळपट्टी राखली त्यांचा हात तरी कोणी ओळखला. नदीचे पाणी ज्यांच्या शेताच्या कडेने येते, त्यांचे आभार मानण्याची पद्धत मात्र क्रिकेटच्या शिष्टाचारात अजून बसलेली नाही.

थेरगावचे नेट

मग या हंगामातून पट्ट्याला काय मिळाले? त्याचे उत्तर मैदानावर मिळत नाही; गहुंजेहून मागे शहराकडे, थेरगावपर्यंत, यावे लागते. तिथे महापालिकेच्या जागेवर दिलीप वेंगसरकर यांची अकादमी आहे. तिच्या नावापुढे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या व्हेरॉक कंपनीचे नाव लागते. म्हणजे जागा नगरपालिकेची, पैसा कारखानदारीचा आणि शिकवण मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या फलंदाजाची. जुन्या सांगवीतला ऋतुराज गायकवाड नावाचा मुलगा तिथे खेळायला जाई. २०१८ च्या डिसेंबरमधल्या लिलावात, म्हणजे पिवळा संघ गहुंजे सोडून गेल्यावर सात महिन्यांनी, त्याच संघाने त्याला २० लाख रुपयांच्या मूळ किमतीला घेतले.

१ मे २०२२ रोजी, करोनामुळे साखळीचे सगळे सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे होत असताना, गायकवाड पिवळ्या पोशाखात गहुंजेत हैदराबादविरुद्ध सलामीला आला. त्याने आणि डेव्हॉन कॉन्वेने १८२ धावांची सलामी दिली, आणि गायकवाड ९९ वर बाद झाला. २०२४ च्या मार्चमध्ये तो चेन्नई सुपर किंग्जचा कर्णधार झाला. ज्या पट्ट्याचे नाव कोणत्याही संघाच्या छातीवर आले नाही, त्या पट्ट्यातला मुलगा दुसऱ्या शहराच्या नावाखाली कर्णधारपद करतो, हे विचित्र वाटेल. पण या पट्ट्याची रीत पाहता ते अगदी स्वाभाविक आहे. लातूरचा मुलगा चाकणला येतो, तसा सांगवीचा चेन्नईला गेला.

या दोन घटनांना कार्यकारणाने जोडणे चूक ठरेल. सहा सामने झाले नसते तरी गायकवाड घडलाच असता, कारण तो त्या सामन्यांच्या कितीतरी आधी थेरगावच्या नेटमध्ये घडत होता. मुद्दा नेमका हाच आहे. संघ विकत मिळतो, भाड्याने येतो, पाण्याच्या भांडणामुळे अचानक दारातही उभा राहतो आणि उन्हाळा संपताच निघून जातो. त्याच्या येण्याने गाव घडत नाही आणि जाण्याने बिघडतही नाही. गावाच्या हाती उरतात त्या दोनच गोष्टी : वस्तीतल्या मुलाला परवडेल असे, महापालिकेने राखलेले मैदान, आणि नदीच्या पाण्यात कोणाचा किती वाटा याचा उघड, सर्वांना वाचता येईल असा हिशेब.

थेरगावसारखी मैदाने किती वॉर्डांत आहेत, आणि पवनेच्या पाण्याची पहिली मागणी कोणाची धरली जाते, हे प्रश्न क्रीडासमीक्षेचे नाहीत असे अजूनही मानले जाते. चेन्नईच्या गहुंजेतील हंगामाने ते क्रीडासमीक्षेचेच आहेत हे दाखवून दिले. पुढच्या वेळी एखादा संघ बिऱ्हाड घेऊन पवनेकाठी आला, तर त्याचे स्वागत जरूर करावे. मात्र त्याने पाणी कोणत्या सदरात घेतले, ते पहिल्या दिवशीच विचारून घ्यावे.